कुठला अ?

रोमुआल्द पेर्कोव्स्कीच्या करंगळीत एक अंगठी होती. तिच्यावर त्याच्या घराण्याचं चिन्ह कोरलेलं होतं, आणि आल्यागेल्याने त्याबद्दल विचारावं म्हणून तो हात टेबलावर असा पसरून बसायचा की दुसऱ्याला चहाचा ग्लास ठेवायला जागा उरत नसे. घराणं म्हणजे काय, तर पेर्की नावाचं एक गाव, त्यात निम्मी माणसं पेर्कोव्स्की, आणि सगळीच्या सगळी सरदार. सरदारांच्या गोठ्यात दोन गाई, घरामागे बटाट्याचा तुकडा, आणि शेजारच्या सरदाराशी बांधावरून वाडवडिलांपासून चालत आलेलं भांडण. पण बाजूच्या गावातल्या साध्या शेतकऱ्याकडे मुलगी द्यायची म्हटलं की यांची नाकं छताला लागायची. रोमुआल्दने ते गाव लहानपणीच सोडलं होतं. नाक मात्र बरोबर आणलं होतं.

ब्याविस्तोकच्या आमच्या संस्थेत आम्ही तिघं एका खोलीत बसत होतो. मी इंजिनियरिंगच्या पोरांना आकडेमोड शिकवायची, त्यामुळे गणित विभागात मला कोणी गणिती समजत नसे. त्याचं मला सुखच होतं. बाकीची दोन टेबलं बीजगणितवाल्यांची: एक खिडकीजवळचं, रोमुआल्दचं, दुसरं हीटरजवळचं, नीना ओस्तापचुकचं. इतकी वर्षं एका खोलीत काढल्यावर माणसाची खोकण्याची पद्धतसुद्धा पाठ होते. रोमुआल्द खोकायचा तोही समोरच्याने लिहून घ्यावं अशा थाटात.

डॉक्टरेट आमच्यात सगळ्यांकडेच होती. पण आमच्याकडे तिच्यावर आणखी एक पायरी असते, हाबिलिटेशन. ती चढलात तर पुढे प्रोफेसर. मुदतीत नाही चढलात तर नुसतं शिकवायच्या जागेवर ढकलतात, तास दुप्पट होतात, आणि सेमिनारात मागच्या रांगेतली खुर्ची मिळते. रोमुआल्दची मुदत संपत आली होती आणि त्याची झोप उडाली होती. त्याच्या आईची, गेनोवेफाबाईंची, नव्हती उडाली. त्या त्याला केव्हापासूनच प्रोफेसर म्हणत. घरी फोन केला की ऐकू यायचं, "प्रोफेसर अंघोळीला गेलेत, अर्ध्या तासाने करा." चाळिशी उलटलेला हा प्रोफेसर आईने कागदात बांधून दिलेला पाव खायचा आणि कागद नीट घडी करून परत न्यायचा.

आता तो काय करायचा तेही सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. वलय ही अशी एक वस्ती समजा की तिथल्या कोणाचीही बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर वस्तीबाहेर जात नाही. या मोठ्या वस्तीत दोन छोट्या वस्त्या, अ आणि ब, आणि मोठ्या वस्तीतला प्रत्येक जण म्हणजे अ मधला एक अधिक ब मधला एक. अ वाल्यांचा एक नियम आहे: एक ठरावीक सूत्र, त्यात अ मधल्या कोणालाही घाला, उत्तर शून्य. ब वाल्यांचाही असाच एक नियम, पण वेगळा. अशा नियमाला बहुपदी नित्यसमानता म्हणतात. प्रश्न एवढाच, की दोन्ही वस्त्या जर नियमाने वागतात, तर सबंध वस्तीला काही ना काही नियम असेलच ना? ऐकणाऱ्याला वाटतं, असणारच, त्यात काय. गोची गुणाकारात आहे. अ वाला अ वाल्याशी गुणला तर घरातच राहतो, ब वाला ब वाल्याशी गुणला तरी तेच. पण अ वाला ब वाल्याशी गुणला की उत्तर कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही.

ब्याविस्तोकमध्ये राहणाऱ्याला हे फळ्यावर लिहून दाखवावं लागू नये. आमच्याकडे कॅथलिक आहेत आणि ऑर्थोडॉक्स आहेत. नाताळ दोन, ईस्टर दोन, उपासाचे दिवस निराळे. दोघांचेही नियम अगदी पक्के. त्यांच्यात लग्न लागलं की त्या घरात कुठल्या दिवशी मांस शिजणार हे देवालाही सांगता येत नाही, तरी घर चालतं, म्हणजे काहीतरी नियम असणार. कुठला, ते त्या घरच्यांनाही माहीत नसतं. रोमुआल्द कॅथलिक, नीना हायनुफ्का गावाकडची ऑर्थोडॉक्स, आणि एवढ्या वर्षांत या सारखेपणाकडे त्या शहाण्याचं एकदाही लक्ष गेलं नाही.

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. रोमुआल्द फळ्याशी उभा राहून भाषण ठोकायचा. नीना हीटरला पाठ लावून छोट्या सुरीने सफरचंद कापत बसायची, फळ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

"समजा, आपण क घेतला," रोमुआल्द म्हणायचा. "क म्हणजे अ अधिक ब. आता क चा अ घेऊ."

"कुठला?" नीना विचारायची.

"कुठला म्हणजे? क चा."

"अरे, पण क ची फोड एकाच तऱ्हेने होते असं कोणी सांगितलं? दोन्ही वस्त्यांत सामाईक माणसं असली तर वाटेल तेवढ्या तऱ्हांनी होते. त्यातला कुठला अ?"

"तू ना, नीना, माणसाला दोन पावलं सलग टाकू देत नाहीस."

"टाक की. पण कुठला अ घेऊन टाकतोयस तेवढं सांग."

मग तो खडू आपटायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. संध्याकाळपर्यंत नीनाच्या त्या एका शब्दापायी फळ्यावर जे उभं राहायचं ते पहिल्यापेक्षा लांब, कुरूप आणि बरोबर असायचं. बीजगणित मला फारसं कळत नाही, पण तिची अडचण मला आमच्या चहाच्या डब्यावरून कळली होती. फडताळात एकच डबा होता, कधी रोमुआल्द भरायचा, कधी नीना. त्यातला चमचाभर चहा घेतला तर तो कोणाच्या वाट्यात धरायचा? रोमुआल्दला विचाराल तर तो सांगेल, माझ्या. हाच त्याचा स्वभाव आणि हीच त्याची गणितातली चूक.

शेवटी एका हिवाळ्यात त्यांचं जमलं. सगळा प्रश्न नव्हे, पण त्याचा एक चांगला जाडजूड तुकडा सुटला. लगेच रोमुआल्दला वेगळीच काळजी लागली. दोघांनी मिळून केलेलं काम हाबिलिटेशनला पुढे करायचं असेल, तर दुसऱ्याने लिहून द्यावं लागतं की यात माझा वाटा इतके टक्के. गणितातल्या कल्पनेचे टक्के कसे काढायचे हे विचारू नका. आमच्याकडे काढतात, आणि सही-शिक्क्यासकट काढतात.

"इरेना, वीस म्हटलं तर ती रागावेल का गं?" त्याने मला विचारलं. नीना तेव्हा वर्गावर गेली होती.

"तिलाच विचार ना."

"तसं नाही. मी काय म्हणतो, ती नुसती बसून असते. फळ्यावर सगळं मीच लिहितो."

"मग खडूला दे दहा टक्के."

त्याला थट्टा कळत नसे, विशेषतः स्वतःची. नीनाला विचारायची त्याची छाती नव्हती. नेहमीप्रमाणे तो घरी गेला आणि आईला सांगितलं.

गेनोवेफाबाईंनी देवाकडे जायचं ठरवलं. इथे आमच्या भाषेची थोडी गंमत आहे. बेरजेला आम्ही सुमा म्हणतो, आणि रविवारी दुपारी चर्चमध्ये जी मोठी प्रार्थना असते, जिला सगळी वस्ती ठेवणीतले कपडे घालून जाते, तिलाही सुमाच म्हणतो. गणितातल्या वलयाला आमच्याकडे वेगळा शब्द नाही, अंगठीचाच शब्द वापरतात. रोमुआल्दने आईला सांगितलेलं असायचं की त्याचं काम दोन वलयांच्या बेरजेचं आहे. बाईंनी ते जसंच्या तसं उचललं आणि चर्चच्या कचेरीत जाऊन म्हणाल्या, सुमेची प्रार्थना माझ्या मुलाच्या नावाने हवी, दोन अंगठ्यांचं त्याचं काम तडीस जावं म्हणून, आणि नीना ओस्तापचुक म्हणून एक बाई आहेत, त्यांचं मन वळावं म्हणून. कचेरीतल्या माणसाने आनंदाने लिहून घेतलं. फादरांनी त्याहून आनंदाने वाचून दाखवलं.

मी मधल्या रांगेत बसले होते. फादर व्यासपीठावरून खणखणीत आवाजात म्हणाले, "आजची सुमा रोमुआल्द पेर्कोव्स्की यांच्या दोन अंगठ्यांसाठी आहे. आणि नीना ओस्तापचुक यांचं मन आपल्याकडे वळावं, यासाठी." 'आपल्याकडे' हा शब्द त्यांनी पदरचा घातला. सबंध चर्चच्या माना वळल्या. ओस्तापचुक हे आडनाव ऐकल्यावर बाई कुठल्या चर्चची हे आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही, आणि दोन अंगठ्या म्हणजे लग्नच, तेव्हा बाई धर्म बदलतेय आणि पेर्कोव्स्कीचं घोडं एकदाचं गंगेत न्हातंय, हे ऑर्गन वाजायच्या आत सगळ्यांना समजलं. गेनोवेफाबाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. लोक आपल्याकडे बघून हसतायत ते मुलाच्या विद्वत्तेमुळे, अशी त्यांची समजूत. मी मफलर तोंडात कोंबला.

सोमवारी संस्थेत पोचले तर ऑफिसच्या ग्राझिनाबाईंनी आमच्या खोलीत सेंकाच आणून ठेवला होता. निखाऱ्यांवर फिरवत भाजलेला, झाडाच्या खोडासारखा उभा, अंगभर काटे आलेला तो केक आमच्याकडे लग्नाच्या टेबलावर लागतोच. रोमुआल्द त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा होता, आपल्या पुतळ्याचं अनावरण झाल्यासारखा.

"अभिनंदन, डॉक्टरसाहेब," ग्राझिनाबाई म्हणाल्या. "आई खूश असतील."

"जन्मभर वाट बघितलीय तिने."

"आणि ओस्तापचुकबाई? त्या तयार आहेत ना?"

"त्यांची सही तेवढी राहिलीय. तो उपचार. खरं सांगायचं तर सगळं मी एकट्यानेच केलंय."

"एकट्यानेच?" ग्राझिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझे कागद शोधत होते.

"वर्षानुवर्षं. त्या फक्त बसून असायच्या."

"बरं बाई. मग कधी ठरलंय?"

"वसंतात. वॉर्सॉहून मंडळी येतील, ती आधी मला प्रश्न विचारतील. मग मला बाहेर पाठवून गुप्त मतदान करतील."

ग्राझिनाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "सरदार लोकांत असं असतं होय," म्हणाल्या, आणि सुरी आणायला गेल्या.

दिवसभर हेच चाललं. जो येईल तो सेंकाचचा तुकडा मोडायचा, रोमुआल्दचा हात हलवायचा, आणि तो गडी अभिनंदन असं घ्यायचा की वाटावं, आणखी कोणी राहिलं असेल तर बोलवा. त्याला एकदाही संशय आला नाही. आपल्या पदवीसाठी अख्खं शहर केक आणतंय यात त्याला वावगं काही दिसलं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

नीना उशिरा आली. त्या दिवशी तिने निळा ब्लाउज घातला होता आणि गळ्यात अंबराची माळ. माळ तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. बाथरूमच्या नळावर आम्ही ग्लास धूत होतो, तेव्हा मी तिला चर्चमधलं सगळं सांगून टाकलं, म्हटलं, तुला भलतंच काही वाटायला नको.

ती हसून हसून बेसिनला टेकली. "मला सकाळीच कळलं," डोळे पुसत म्हणाली. "बसमध्ये एका म्हातारीने माझा मुका घेतला आणि आमच्यात आलीस ते बरं केलंस म्हणाली. गेनोवेफाबाईंनी अंगठ्यांची गल्लत केली असणार, हे तिथेच ओळखलं मी."

"मग ती माळ?"

तिने ग्लास उजेडात धरून पाहिला, पुन्हा धुवायला घेतला. "त्याला अजून कळलेलं नाही, इरेना. कळेल तेव्हा तो काय म्हणतो, ते मला बघायचंय."

"काय म्हणावं असं वाटतंय तुला?"

"फार नाही. 'लोकांनी केक आणलाच आहे, तर करून टाकू या का', एवढं म्हणाला तरी पुरे."

मला तिचा राग आला. एवढी हुशार बाई, क ची फोड विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे न टाकणारी, आणि आयुष्यात निवडून निवडून हा घेतला. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "तू त्याला फळ्याशी कधी नीट बघितलं नाहीस. चुकतो, पण हटत नाही." प्रेमात पडलेल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा इंजिनियरांचे पेपर तपासलेले बरे.

ती ग्लास पुसत मागे राहिली, मी पुढे खोलीत आले. तिथे ग्राझिनाबाई शेवटी तो प्रश्न विचारत होत्या जो सकाळीच विचारायला हवा होता.

"पण लग्न कुठल्या चर्चमध्ये लागणार, डॉक्टरसाहेब? त्यांच्या की आपल्या?"

"कोणाचं लग्न?"

"तुमचं. ओस्तापचुकबाईंशी."

रोमुआल्दला उमजायला जरा वेळ लागला. मग तो हसला. मनापासून, पोट धरून, केकचा चुरा शर्टावर सांडेपर्यंत हसला. "ओस्तापचुकबाईंशी? मी? अहो, आई जीव देईल माझी. घरात दोन-दोन ईस्टर करायचे? आणि ती अंडी सोलतानासुद्धा विचारेल, कुठलं अंडं?" स्वतःच्या विनोदावर तो पुन्हा हसला. ग्राझिनाबाई हसल्या नाहीत, कारण त्या दाराकडे बघत होत्या. दारात नीना उभी होती, हातात धुतलेले ग्लास घेऊन.

दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. हा नाही गेला. "बरं झालं आलीस," तो तिला म्हणाला. "ऐक तर गंमत. लोकांना काय वाटलं माहितीये का?"

"ऐकली," नीना म्हणाली.

"वेडी आहेत की नाही? आणि मला वाटत होतं, पदवीबद्दल चाललंय. बरं, त्यावरून आठवलं. ती सही तेवढी देऊन टाक ना. तुझे वीस टक्के, असा मी विचार केलाय. रागावू नकोस, पण फळ्यावर सगळं मीच लिहिलंय. तू फक्त कुठला, कुठला, एवढंच विचारायचीस."

नीनाने ग्लास एकेक करून फडताळात लावले.

"टक्के कशाला?" ती म्हणाली. "एकट्याच्या नावाने लिही. तू फळ्यावर लिहिलंस ते तुझं, मी विचारलं ते माझं. तुझं तू ठेव, माझं मी घेऊन जाते."

"म्हणजे सही नको?"

"कशावर करू? माझं काही त्यात राहणारच नाही."

"नक्की ना? मागाहून काही म्हणणार नाहीस?"

"नाही म्हणणार."

त्याला एवढा आनंद झाला की त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. अंगठी तिच्या बोटांना लागली असावी, कारण तिने हात लगेच काढून घेतला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रोमुआल्द, आणि जे दोघांचं होतं ते?"

"दोघांचं काय होतं?" त्याने विचारलं. मग फडताळाकडे बघून म्हणाला, "हां, चहा. चहा राहू दे की इथेच."

नीनाचीही मुदत त्याच वर्षी संपत होती, हे त्याला आठवलं नाही. तिने हाबिलिटेशनचा नाद सोडला आणि टर्म संपल्यावर हायनुफ्काच्या शाळेत नोकरी धरली. निरोपाला ती मला भेटली, त्याला नाही. त्याने दोन दिवसांनी विचारलं, "ओस्तापचुकबाई आजारी आहेत का?"

ती नसल्यामुळे त्याचं लिखाण झरझर झालं. मध्ये अडवणारं कोणी नव्हतं. वसंतात वॉर्सॉहून मंडळी आली, हॉल भरला, गेनोवेफाबाई हॅट घालून पुढे बसल्या, ग्राझिनाबाईंनी पुन्हा एक सेंकाच मागवून बाजूच्या खोलीत झाकून ठेवला. रोमुआल्दने खडू उचलला आणि खरोखर छान बोलला. सगळं कसं सरळ, सुंदर, आखीव. इतकं आखीव की मला धास्ती वाटायला लागली. नीना असताना त्याचं काहीही इतकं देखणं झालं नव्हतं.

कमिटीत एक बुटके म्हातारे प्रोफेसर होते. सबंध वेळ ते खोकल्याची गोळी चघळत डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"डॉक्टर, तिथे मध्यावर तुम्ही क घेतलात, आणि मग त्याचा अ घेतलात."

"होय."

"कुठला?"

रोमुआल्दने मान वळवली आणि हीटरकडे बघितलं. त्या हॉललाही खिडकीखाली हीटर होता आणि त्याच्याजवळ एक खुर्ची होती. खुर्चीवर वॉर्सॉच्या मंडळींचे कोट पडले होते. तो कोटांकडे बघत राहिला.

"क चा," तो शेवटी म्हणाला.

"ते समजलं. पण फोडी अनेक होतात. अ आणि ब यांच्यात काही सामाईक असलं तर कुठला अ घ्यायचा?"

"सामाईक काही नाही, असं धरलंय."

"कुठे धरलंय? लिहिलेलं तर दिसत नाही."

"मी... ते माझ्या मनात होतं."

म्हाताऱ्याने दुसरी गोळी तोंडात टाकली आणि परत डोळे मिटले. बाकीच्यांनी काही विचारलं नाही, हे सगळ्यात वाईट. गुप्त मतदान झालं, फार वेळ लागला नाही. सेंकाच वॉर्सॉच्या मंडळींनी खाल्ला, त्यांची गाडी लांबची होती. दुसऱ्या दिवशी काही निरोपासाठी मी पेर्कोव्स्कीच्या घरी फोन केला. गेनोवेफाबाई म्हणाल्या, "प्रोफेसर झोपलेत."

पुन्हा अर्ज करायला वर्षभराची सवलत मिळाली. शरद ऋतूत तो माझ्या टेबलाशी आला आणि मला हायनुफ्काला नेशील का म्हणून विचारलं. त्याच्याकडे गाडी नव्हती, सरदार घोड्यावरून उतरल्यापासून दुसऱ्याच्याच वाहनातून फिरतात. मी हो म्हटलं, कारण त्याचा चेहरा खरंच उतरला होता, आणि मला वाटलं, आपटल्यावर दगडालाही कधी कधी चीर जाते. अंगठी त्याने काढून खिशात ठेवली होती. ती एवढी एक गोष्ट बघून मी मूर्खासारखी आशा धरून बसले.

नीना बहिणीकडे राहत होती. स्वयंपाकघरात सफरचंदांची टोपली होती, ती मुरंब्यासाठी सोलत होती. आम्हाला बघून तिने खुर्च्या पुसल्या, चहा ठेवला आणि पुन्हा सुरी हातात घेतली. कशाला आलात, असं विचारलं नाही. रोमुआल्दने ग्लासातली लिंबाची चकती चमच्याने दोनदा दाबली.

"नीना," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी वेगळं करायला नको होतं. आपलं जे अर्धवट राहिलं, ते पुन्हा सुरू करू या का?"

तिची सुरी थांबली. साल अर्ध्यावर लोंबत राहिली. तिने मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं. एवढी वर्षं हीटरला पाठ लावून बसलेल्या त्या बाईचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"कुठलं?" तिने विचारलं.

"कुठलं म्हणजे?" रोमुआल्द म्हणाला. "सामाईक भागाचं. तू ज्या तऱ्हेने निवड करायचीस ना, कुठलाही अ घेतला तरी शेवटी उत्तर एकच येतं, ते. मला एकट्याला जमत नाहीये."

"अच्छा," नीना म्हणाली. "ते."

तिने साल पुरती काढली, हात पुसले आणि मुलांच्या गृहपाठाचा एक कागद उलटा करून त्याच्यावर पेन्सिलीने लिहून दिलं. चहा निवायच्या आत झालं. रोमुआल्द वाकून वाचत होता आणि मध्येच तोंडाने कौतुकाचे आवाज काढत होता. तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "कोणाचं म्हणून लिहू?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुझंच लिही," आणि पुढचं सफरचंद घेतलं. त्या कागदावर पुढच्या वर्षी त्याला पदवी मिळाली, आणि आता गेनोवेफाबाई फोनवर जे सांगतात ते निदान खरं तरी असतं.

निघताना नीनाने मला पिशवीभर सफरचंदं दिली. त्याला दिली नाहीत. गाडीत बसल्यावर त्याने खिशातून अंगठी काढून करंगळीत घातली, कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि गाव संपेपर्यंत कसला तरी विचार करत राहिला.

"इरेना," तो म्हणाला, "माझी चूक कुठे झाली ते आत्ता कळलं मला."

"कुठे?"

"मी तेव्हा पंचवीस म्हणायला हवं होतं. वीस तिला कमी वाटले असणार."

मी त्याला पट्टा लावून घ्यायला सांगितलं.